‘आरएस-४८५ आहे’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नगरपालिकांच्या पाणी योजना, साखर कारखाने, औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखाने, मोठ्या गृहसंकुलांची पंपगृहे, सगळीकडे आता मीटर, ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारे उपकरण) आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) एकमेकांना जोडून एका पडद्यावर आकडे पाहायची सोय केली जाते. त्यासाठीच्या निविदेत आणि खरेदीपत्रात एक ओळ हमखास सापडते : ‘मीटरला आरएस-४८५ कम्युनिकेशन असावे.’ मीटर येते, त्यावर ते पोर्ट असते, बिल निघते आणि पडद्यावर आकडा काही उमटत नाही. मग मीटरवाला सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवतो आणि सॉफ्टवेअरवाला केबल ओढणाऱ्याकडे. यात बहुतेक वेळा लबाडी कोणाचीच नसते. त्या एका ओळीने ठरायला हव्यात त्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी ठरलेल्याच नसतात. त्या कोणत्या, हे खरेदी करणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्याला कळावे म्हणून हे पत्र.

आरएस-४८५ हे केवळ तारेतल्या विजेचे मानक आहे. ते १९८३ साली आले. त्यात दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून शून्य की एक हे ओळखले जाते. बोलणाऱ्याने पूर्ण भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक द्यायचा आणि ऐकणाऱ्याला ०.२ व्होल्टचा फरकही समजला पाहिजे. दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट चढला तर फरक तसाच राहतो, म्हणून मोटारी आणि वेल्डिंगच्या शेजारीही ही जोडणी टिकते. एका लाइनवर ३२ ‘युनिट लोड’ (उपकरणाने लाइनवर टाकलेल्या भाराचे माप) चालतात. एक अष्टमांश लोडची चिप असलेली उपकरणे असतील तर २५६ पर्यंत. कमी वेगाला लांबी साधारण १२०० मीटरपर्यंत नेता येते. याउलट जुन्या आरएस-२३२ मध्ये प्रत्येक तार ग्राउंडच्या तुलनेत मोजली जाते, दोनच उपकरणे जोडता येतात आणि अंतर साधारण १५ मीटर धरतात. आरएस-४२२ मध्ये एक बोलतो आणि दहापर्यंत ऐकतात. या मानकांपैकी कशातही संदेशाची भाषा दिलेली नाही.

भाषा म्हणजे प्रोटोकॉल, आणि तो वेगळा लिहावा लागतो. आपल्याकडच्या कारखान्यांत सर्वाधिक आढळतो तो मॉडबस, मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी १९७९ साली आणलेला. पण त्याच आरएस-४८५ च्या तारांवर प्रोफिबस डीपीही चालतो, इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतला बॅकनेट एमएस/टीपीही चालतो आणि वीज कंपन्यांच्या मीटरांची डीएलएमएस ही भाषाही चालते. म्हणून ‘आरएस-४८५ मीटर’ मागितले आणि डीएलएमएसचे आले, तर पुरवठादाराने अटीचा भंग केला असे म्हणता येत नाही. ‘आरएस-४८५, मॉडबस आरटीयू’ असे दोन्ही शब्द लिहिले तर वाद तिथेच मिटतो.

मॉडबस आरटीयू हा अशा तारांवर चालणारा मॉडबसचा प्रकार. त्याचे काम शाळेतल्या हजेरीसारखे चालते. एकच मास्टर (विचारणारे उपकरण) क्रमांक पुकारतो आणि ज्याचा क्रमांक आहे तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प. (२०२० पासून मॉडबस संघटनेने मास्टर-स्लेव्हऐवजी क्लायंट-सर्व्हर हे शब्द स्वीकारले आहेत; साइटवर अजून जुनेच शब्द ऐकू येतात.) क्रमांक १ ते २४७ चालतात, ० हा सगळ्यांना एकदम दिलेल्या आज्ञेसाठी, आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. नव्या मीटरांत कारखान्यातून बहुधा १ हाच क्रमांक घालून येतो. तो न बदलता पाच मीटर एका लाइनवर टाकले की पाचही एकदम बोलतात आणि मास्टरला सीआरसी चुकलेला कचरा मिळतो. सीआरसी म्हणजे संदेशाच्या शेवटी जोडलेले दोन बाइटचे पडताळणीचे गणित. त्याचप्रमाणे एका लाइनवर दोन मास्टर चालत नाहीत. पीएलसी वाचत असताना ‘जरा तपासून बघतो’ म्हणून कोणी त्याच तारांवर लॅपटॉप लावून मीटर विचारू लागला की दोघांचेही वाचन बिघडते.

आता तारांकडे येऊ, कारण तक्रारींचा मोठा वाटा तिथलाच असतो. पहिला घोळ ए आणि बी या अक्षरांचा. मानकाप्रमाणे लाइन शांत असताना बी हे ए पेक्षा धन असते. अनेक चिप-उत्पादकांनी मात्र धन बाजूलाच ए म्हटले. त्यामुळे एका कंपनीचे ए दुसऱ्या कंपनीच्या ए ला जोडले तरी जोडणी उलटी पडू शकते. त्याने काही जळत नाही, संवाद फक्त होत नाही. उपाय सोपा आहे : अक्षरांवर विसंबू नका, प्रत्येक उपकरणावर धन टोक कोणते हे मॅन्युअलमध्ये बघा किंवा मल्टिमीटरने मोजा. चाळीस वर्षांत उद्योगाने हा गोंधळ निस्तरला नाही ही शरमेची बाब आहे, पण निविदेत ‘डी+ / डी−’ असे लेबल मागायला पैसे पडत नाहीत.

दुसरा घोळ टर्मिनेशनचा, म्हणजे टोकावरून सिग्नल परतू नये म्हणून लावायच्या रोधांचा. लाइनच्या दोन टोकांना, आणि फक्त दोन टोकांना, १२० ओहमचे रोध लावायचे असतात. काही इलेक्ट्रिशियन प्रत्येक मीटरवर एकेक लावतात. दहा मीटरांवर दहा रोध म्हणजे एकूण १२ ओहम. चिप साधारण ५४ ओहमच्या भारासाठी बनवलेली असते, त्यामुळे सिग्नल कोसळतो. तपासायचे तर वीज बंद करून, बायसचे रोध (त्यांच्याबद्दल पुढे) सोडवून, दोन तारांमध्ये ओहम मोजावेत. ६० च्या आसपास आले तर ठीक (लांब लाइनवर तारेच्या रोधामुळे थोडे जास्त येते), १२० आले तर एका टोकाचा रोध नाही, ४० आले तर कुठेतरी तिसरा दडला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुस्तकी नियम डोळे मिटून पाळल्यानेही नुकसान होते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि केबलमध्ये सिग्नल एक किलोमीटर साधारण ५ मायक्रोसेकंदांत जातो. म्हणजे टोकावरून परतणारे प्रतिध्वनी बिटच्या मध्यावर वाचन होण्याआधीच बहुतांशी शमलेले असतात. कमी वेगाला टर्मिनेशन नसले तरी काम चालते ते यामुळे. वेग १,१५,२०० वर नेला की तीच लाइन रुसते. उलट टर्मिनेशन लावले आणि बायस लावला नाही, तर कोणीच बोलत नसताना दोन्ही तारा जवळपास एकाच व्होल्टेजवर येतात आणि जुन्या चिपला त्यात शून्य दिसेल की एक, याची खात्री राहत नाही. संदेशाच्या सुरुवातीला एखादा खोटा बाइट घुसतो आणि अख्खा संदेश रद्द होतो. बायस म्हणजे धन तार एका रोधाने ५ व्होल्टकडे आणि ऋण तार दुसऱ्या रोधाने ग्राउंडकडे ओढून ठेवणे. ५६० ओहमचे दोन रोध आणि मध्ये ६० ओहम असे धरले तर शांत लाइनवर सुमारे ०.२५ व्होल्ट मिळतात, म्हणजे हव्या असलेल्या ०.२ पेक्षा जास्त. तेच एक किलोओहमचे लावले तर ०.१५ च्या आत, म्हणजे अपुरे. बायस एका लाइनवर एकाच ठिकाणी, शक्यतो मास्टरपाशी द्यावा. नव्या ‘फेलसेफ’ चिपमध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे, पण जुनी-नवी उपकरणे एकत्र असलेल्या लाइनवर त्या भरवशावर राहू नये.

तिसरी चूक : ‘दोन तारांची जोडणी’ म्हणून दोनच तारा ओढणे. आरएस-४८५ चा रिसीव्हर आपल्या ग्राउंडच्या तुलनेत −७ ते +१२ व्होल्टपर्यंतच सहन करतो. जॅकवेलचे (पाणी उचलायच्या विहिरीचे) पॅनेल आणि शुद्धीकरण केंद्राचे पॅनेल यांच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त फरक पडला, विशेषतः मोठा पंप सुरू होताना किंवा वीज कडाडताना, की चिप जळते. म्हणून तिसरी कॉमन तार हवी, आणि दोन इमारतींमध्ये जाणाऱ्या लाइनला आयसोलेटेड रिपीटर (दोन बाजू विजेने अलग ठेवून सिग्नल पुढे देणारा) हवा. अंतर मोठे आणि वाट उघड्यावरची असेल तर फायबरच टाकावे. केबलचे शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करावे. ड्राइव्हची पॉवर केबल आणि ही केबल एकाच ट्रेमधून नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात. आणि जोडणी एका मीटरवरून पुढच्या मीटरवर अशी लूपिंगने न्यावी. जंक्शन बॉक्समधून चहूकडे फांद्या काढलेल्या लाइनला दोन टोके उरतच नाहीत, मग टर्मिनेशन लावणार कुठे?

तार बरोबर असली की प्रश्न येतो सेटिंगचा. बॉड रेट (वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण) या चार गोष्टी लाइनवरच्या प्रत्येक उपकरणात तंतोतंत सारख्या हव्यात. मॉडबसच्या मानकात मूळ ठरलेले आहे १९,२००, ८ बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट. पॅरिटी नसेल तर २ स्टॉप बिट. बाजारातली बरीच मीटर मात्र ९६००, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी येतात, आणि काहींत पॅरिटी बदलण्याची सोयच नसते. अशी दोन प्रकारची मीटर एका लाइनवर आणायची ठरली की स्वतंत्र पोर्ट घ्यावे लागते, आणि ते कळते पॅनेल तयार झाल्यावर. खरेदीआधी मॅन्युअलचे ते एक पान मागवले तर हा खर्च वाचतो.

यापुढचा भाग माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे : रजिस्टर. मॉडबसमध्ये माहिती १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांत असते. मीटरच्या पुस्तकात ‘४०००१’ असे लिहिलेले असते तेव्हा तारेवरून जाणारा पत्ता बहुधा ० असतो. सुरुवातीचा ४ हा फक्त ‘होल्डिंग रजिस्टर, फंक्शन ०३’ हे सांगतो (फंक्शन म्हणजे आज्ञेचा क्रमांक). ‘३०००१’ असेल तर इनपुट रजिस्टर, फंक्शन ०४. काही सॉफ्टवेअर हा एक आपोआप वजा करतात, काही करत नाहीत. व्होल्टेज, करंट, युनिट हे आकडे बहुधा ३२ बिटांचे फ्लोट (अपूर्णांकासह आकडा साठवायची पद्धत) असतात, म्हणजे एका आकड्याला दोन रजिस्टर. त्यातले मोठ्या किमतीचे आधी की नंतर, हे मॉडबसच्या मानकात नाही. प्रत्येक उत्पादकाची मर्जी. बरोबर २३० व्होल्ट फ्लोटमध्ये लिहिले तर हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकांत) ४३६६ आणि ०००० अशी दोन रजिस्टर होतात. क्रम उलटा वाचला तर पडद्यावर ०.०० दिसते. फ्लोटऐवजी पहिले रजिस्टर साधा पूर्णांक म्हणून वाचले तर १७२५४ दिसतात. हा आकडा जिथे व्होल्टच्या रकान्यात दिसेल तिथे मीटर बिघडलेले नाही, वाचणाऱ्याची सेटिंग चुकली आहे.

याहून घातक चूक ती, ज्यात आकडा बरोबर वाटतो. पत्ता एकने पुढे सरकलेला असेल आणि तंत्रज्ञाने ‘जमतंय का बघू’ म्हणून क्रमही उलटवला, तर आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजच्या जागी वाय फेजचे पूर्णांक व्होल्ट आणि आर फेजचा अपूर्णांक असा संकर दिसतो. २३० च्या आसपास फ्लोटच्या पहिल्या रजिस्टरमध्ये एकेक व्होल्टची पायरी असते, त्यामुळे चूक एका व्होल्टच्या आत राहते. बी फेजच्या मागोमाग सरासरी व्होल्टेजचे रजिस्टर असेल तर तिसरा आकडाही शोभतो. असे चुकीचे वाचन वर्षानुवर्षे चालू शकते आणि एखादा फेज गेल्यावर पडदा भलताच फेज गेल्याचे सांगतो. म्हणून तपासणी करताना तिन्ही फेज सारखे असताना आकडे जुळवून समाधान मानू नये. एक फेज उघडून किंवा एकाच फेजवर भार टाकून पाहावे.

मीटर उत्तर देते पण नकाराचे देते, तेही उपयोगाचे असते. नकाराचा ०१ हा कोड म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, ०२ म्हणजे हा पत्ता माझ्याकडे नाही, ०३ म्हणजे मागितलेली किंमत किंवा संख्या चालणारी नाही. यांपैकी काहीही आले तर तार, बॉड रेट आणि क्रमांक सगळे ठीक आहे, चूक फक्त रजिस्टरच्या यादीत आहे. अजिबात उत्तर नाही, म्हणजेच टाइमआउट, तरच तारांकडे वळावे. हा एवढा फरक माहीत असला तरी केबल उगाच उकरण्याचे काम वाचते.

‘पडदा हळू आहे’ या तक्रारीचे उत्तरही साध्या गणितात असते. ९६०० बॉडला ११ बिटांचा एक बाइट सुमारे १.१५ मिलिसेकंद घेतो. प्रश्नाचे ८ बाइट, दहा रजिस्टरच्या उत्तराचे २५ बाइट, दोन्हींनंतरची साडेतीन बाइटची शांतता आणि मीटरचा विचार करायचा वेळ समजा २० मिलिसेकंद, असे मिळून ६६ मिलिसेकंद होतात. ३० मीटर वाचायला दोन सेकंद. यातली चार मीटर फीडर बंद असल्याने मेलेली असतील, आणि टाइमआउट एक सेकंद व प्रयत्न तीन ठेवले असतील, तर प्रत्येक फेरीत १२ सेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. दोष लाइनचा नाही. बंद मीटर यादीतून वगळण्याची किंवा क्वचितच विचारण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी, आणि ती आधीच मागून घ्यायला हवी. दहा रजिस्टर दहा वेगळ्या प्रश्नांनी वाचणारे सॉफ्टवेअर तेच काम ६६ ऐवजी ४५० मिलिसेकंदांत करते. एका प्रश्नात सलग १२५ रजिस्टर मागता येत असताना हे कशासाठी?

इथरनेटच्या बाबतीतही तोच घोळ नव्या नावाने होतो. आरजे-४५ चा सॉकेट आहे म्हणजे भाषा कळली असे नाही. प्रोफिनेट, इथरनेट/आयपी, इथरकॅट आणि मॉडबस टीसीपी (इथरनेटवरचा मॉडबस) चारही जण तोच सॉकेट वापरू शकतात आणि एकमेकांचे ऐकत नाहीत. तांब्याच्या केबलची मर्यादा पॅच कॉर्ड धरून १०० मीटर. आयपी पत्ता १९२.१६८.१.१० आणि मास्क (पत्त्याचा किती भाग सारखा हवा हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असेल तर थेट बोलायला दुसऱ्याच्या पत्त्याचे पहिले तीन गट तेच हवेत. ऑफिसचा राउटर जे पत्ते आपोआप वाटतो त्यांतलाच एखादा पीएलसीला कायमचा देऊन ठेवला, तर काही दिवसांनी तोच पत्ता एखाद्या प्रिंटरला मिळतो आणि पीएलसी अधूनमधून गायब होऊ लागतो. कन्व्हर्टर घेतानाही जपावे. मॉडबस टीसीपीच्या संदेशात पुढे ७ बाइटचे शीर्ष असते आणि मागे सीआरसी नसतो. साधा सीरियल-इथरनेट कन्व्हर्टर आरटीयूचे बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो आणि मॉडबस टीसीपीच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाहीत; गेटवे मात्र संदेश बदलून देतो. दिसायला दोन्ही डबे सारखेच. ‘मॉडबस आरटीयू ते मॉडबस टीसीपी गेटवे’ असे शब्द खरेदीपत्रात नसतील तर येणारा डबा कोणता असेल हे नशिबावर.

मॉडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्ट नाही. मॉडबस टीसीपीच्या ५०२ या नेटवर्क पोर्टपर्यंत जो पोहोचला त्याची आज्ञा मानली जाते, मग तो पंपचालक असो वा परदेशातला कोणी. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनमधल्या लविव शहरात फ्रॉस्टीगूप नावाच्या प्रोग्रामने मॉडबस टीसीपीच्या साध्या आज्ञा पाठवूनच ६०० हून अधिक निवासी इमारतींचे तापवण्याचे गरम पाणी ऐन थंडीत जवळपास दोन दिवस बंद पाडले. पंपगृहातल्या राउटरमध्ये पब्लिक आयपीचे सिम घालून ५०२ पोर्ट उघडा ठेवणे म्हणजे गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह रस्त्यावर आणून ठेवणे आहे. दुरून पाहायचे असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित जोडणी) हवाच, आणि ज्या मीटरचे फक्त वाचन करायचे आहे तिथे गेटवेमध्ये लिहिण्याची फंक्शन ०५, ०६, १५ आणि १६ बंद करून ठेवावीत.

माझी मागणी छोटी आहे. पाणीपुरवठा, वीज बचत किंवा स्वयंचलनाच्या प्रत्येक निविदेला एक पानाचे परिशिष्ट जोडावे. त्यात विद्युत मानक, प्रोटोकॉल, बॉड रेट-पॅरिटी-स्टॉप बिट बदलता येतात की नाही, पोर्ट आयसोलेटेड आहे का, युनिट लोड किती, टर्मिनेशन आणि बायस कोण लावणार, आणि फ्लोटचा क्रम व पत्त्याची सुरुवात शून्यापासून की एकपासून हे सांगणारी रजिस्टरची पूर्ण यादी, एवढे असावे. ही यादी मिळाल्याशिवाय बिल मंजूर करू नये. स्वीकृतीच्या दिवशी खात्याच्या अभियंत्याने स्वतः लॅपटॉप आणि आयसोलेटेड यूएसबी कन्व्हर्टर लावून मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि वाचलेला आकडा समोरासमोर पाहावा. आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या मुलांकडून हेच काम मुद्दाम बिघडवलेल्या लाइनवर करून घ्यावे : एकदा ए-बी उलटे, एकदा पॅरिटी वेगळी, एकदा दोन मीटरांना एकच क्रमांक, एकदा तिसरा रोध. त्यासाठी दोन मीटर, एक कन्व्हर्टर, मूठभर रोध, मल्टिमीटर आणि फुकट मिळणारे मॉडबस वाचण्याचे सॉफ्टवेअर पुरते. आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या लाइनची माहिती लॅमिनेट करून चिकटवलेली असावी : कोणता मीटर, कोणता क्रमांक, कोणते सेटिंग, दोन टोके कुठे आहेत. ठेकेदार बदलतो, कर्मचाऱ्यांची बदली होते. तो कागद जागेवर राहतो.

आपला विश्वासू,
एक इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता,
पिंपरी-चिंचवड